दातात सुई तुटून राहिली म्हणून दात काढायचा का?

रूट कॅनाल चालू असताना दातात सुई तुटली असं कळलं की माणूस घाबरून जातो. घरातलं कुणी म्हणतं, ती रक्तातून हृदयापर्यंत जाईल. कुणी म्हणतं, गंजेल आणि विष होईल. कुणी थेट कॅन्सरवरच जातं. मग तो एक्स-रेचं पाकीट घेऊन आमच्यासारख्या फिजिशियनकडे येतो, कारण शुगर-बीपीसाठी इथं त्याचं येणं-जाणं असतंच आणि विचारायला संकोच वाटत नाही. प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, दात काढूनच टाकू का?"

मी दातांचा डॉक्टर नाही. दातावर काय करायचं, ते दंतवैद्यच ठरवणार. पण दाताच्या मुळाशी साठलेला पू पसरला, की ताप, सूज आणि वाढलेली शुगर घेऊन रुग्ण आमच्याकडेच येतो. म्हणून या विषयावर माझं एक मत आहे आणि ते आधीच सांगतो. सुई तुटली एवढ्याच कारणासाठी दात काढायची घाई करू नका. मात्र दोन गोष्टींचा आग्रह धरा. सुई तुटल्याचं तुम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे, आणि तो दात आतून-बाहेरून नीट बंद झाला पाहिजे. या दोन्ही गोष्टी झाल्या, तर असा दात वर्षानुवर्षं चालू शकतो. त्या झाल्या नाहीत, तर सुई न तुटलेला दातसुद्धा त्रास देतो.

ही सुई म्हणजे नेमकं काय?

आपण जिला सुई म्हणतो, तिला दंतवैद्य फाईल म्हणतात. दाताच्या मुळात बारीक नळ्या असतात आणि त्यांत दाताची नस असते. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या, वरच्या दाढेला तीन मुळं आणि तीन किंवा चार नळ्या. कीड आत पोचली की ही नस सडते. ती काढायची, नळीच्या भिंती खरवडून घ्यायच्या, औषधाच्या पाण्यानं धुवायच्या आणि नळी भरून बंद करायची, याला रूट कॅनाल म्हणतात.

खरवडण्याचं काम ही फाईल करते. ती किती बारीक असते? १५ नंबरच्या फाईलचं टोक ०.१५ मिलिमीटर असतं. एवढी बारीक तार वाकड्या नळीत फिरवायची असते, तीही न दिसणाऱ्या जागी. तुटते तेव्हा सहसा टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा आत अडकतो.

ती का तुटते?

बांधणीची तार एकाच जागी पुढे-मागे वाकवली की थोड्या वेळानं तुटते, हे शेतात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. वाकड्या नळीत फिरणाऱ्या फाईलचंही तसंच होतं. प्रत्येक फेरीत ती वाकते आणि सरळ होते, आणि धातू थकतो. दुसरं कारण म्हणजे टोक नळीत घट्ट अडकतं आणि मागून मशिन फिरवत राहतं, तेव्हा पीळ पडून तुकडा पडतो.

जुन्या स्टीलच्या फायली तुटण्याआधी बऱ्याचदा पीळ सुटल्यासारख्या दिसतात, म्हणजे डॉक्टरांना इशारा मिळतो. १९८८ मध्ये निकेल-टायटॅनियमची फाईल दातासाठी प्रथम वापरून पाहिली गेली. ती फार लवचीक असते, वाकड्या नळीत सहज वळते आणि काम लवकर होतं. पण ती पुष्कळदा वरून चांगली दिसत असतानाच अचानक तुटते.

फाईल किती वेळा वापरली आहे, यालाही महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून या फायली एका रुग्णासाठी एकदाच वापराव्यात अशी सूचना आहे. ती संसर्गाच्या भीतीनं दिली गेली, पण तिचा फायदा तुटण्याच्या बाबतीतही होतो. आपल्याकडे फायली धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. माझं मत असं, की निदान वाकड्या मुळाच्या दाढेसाठी तरी नवी फाईल वापरावी, आणि त्याचे थोडे जास्त पैसे लागले तर आपण खळखळ करू नये.

हेही ध्यानात ठेवा, की चांगल्या हातांतही फाईल तुटते. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनालच्या तज्ज्ञांकडच्या ८,४६० उपचारांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या ३.३ टक्के दातांत तुकडा राहिलेला होता. म्हणजे तज्ज्ञांकडेसुद्धा शंभरातल्या तीनेक दातांत असं घडलं. सुई तुटली म्हणजे डॉक्टर नवशिका, असा अर्थ काढू नका.

त्रास तुकड्यानं होतो की जंतूंनी?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

१९६५ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काही उंदीर अजिबात जंतू नसलेल्या जागेत वाढवले होते, काही नेहमीच्या जागेत. दोन्ही गटांच्या दाढांना भोक पाडून नस उघडी केली. नेहमीच्या उंदरांची नस सडली आणि मुळाशी पू झाला. जंतू नसलेल्या उंदरांच्या तोंडात अन्नाचे कण आत अडकूनही नस जगली, आणि भोकावर दाताचा नवा थर तयार होऊ लागला. मुळाशी होणारा पू जंतूंचं काम आहे, हे तेव्हा स्पष्ट झालं.

तुटलेला तुकडा स्वतः विषारी नसतो. तो स्टीलचा किंवा निकेल-टायटॅनियमचा असतो, आणि असेच धातू शरीरात इतर ठिकाणी मुद्दाम बसवले जातात. रक्तवाहिन्यांत घालण्याचे काही स्टेंट निकेल-टायटॅनियमचेच असतात. दातात अडकलेला तुकडा हृदयाकडे प्रवास करत नाही, कारण त्याच्या चारी बाजूंनी दाताची कठीण भिंत असते. त्यानं कॅन्सर होतो असा काही पुरावा नाही. एमआरआय करायचा असेल तर तिथल्या माणसाला आधी सांगून ठेवा. एवढ्याशा तुकड्यानं सहसा अडचण येत नाही.

तुकडा अडचण करतो ती वेगळ्या तऱ्हेनं. तो रस्ता अडवतो. त्याच्या पलीकडचा नळीचा भाग साफ करता येत नाही आणि औषधाचं पाणी तिथं पोचत नाही. पलीकडे जंतू असतील, तर ते तिथंच राहतात. म्हणून सुई केव्हा तुटली हे विचारायला हवं. नळी बरीचशी साफ झाल्यावर तुटली असेल, तर काळजी कमी. अगदी सुरुवातीला तुटली आणि मुळाशी आधीच पू असेल, तर काळजी जास्त.

वर सांगितलेल्या २००५ च्या अभ्यासात हेच दिसलं. तुकडा राहिलेले ९१.८ टक्के दात बरे झाले. तुकडा नसलेल्या, पण बाकी तशाच दातांत हे प्रमाण ९४.५ टक्के होतं. फरक किरकोळ. मुळाशी आधीच गाठ किंवा पू होता, त्या दातांत मात्र आकडे ८६.७ आणि ९२.९ टक्के होते. म्हणजे यश कमी करण्यात आधीच्या पुवाचा वाटा मोठा होता. हे आकडे तज्ज्ञांच्या हातचे आहेत, हे विसरू नका. घाईत केलेल्या, अर्धवट सोडलेल्या रूट कॅनालला ते लागू होत नाहीत.

नळी बंद करण्याचे मार्ग

सुई तुटल्यावर दंतवैद्यासमोर ढोबळमानानं चार मार्ग असतात.

पहिला मार्ग तुकडा काढण्याचा. तो वरच्या भागात, सरळ नळीत असेल, तर मायक्रोस्कोपखाली बघत, कंपन देणाऱ्या बारीक टोकानं तो सैल करून काढता येतो. पण त्यासाठी मुळाची भिंत कोरावी लागते. तुकडा खोल, वळणाच्या पुढे असेल, तर कोरता कोरता मूळ पातळ होतं, कधी आरपार भोक पडतं. दोन मिलिमीटरच्या तुकड्यापायी अख्खं मूळ कमकुवत करणं शहाणपणाचं नाही. "काहीही करा, पण काढाच" असा हट्ट रुग्णानं धरू नये.

दुसरा मार्ग बाजूनं जाण्याचा. नळी पूर्ण गोल नसते, त्यामुळे तुकड्याच्या शेजारून अगदी बारीक फाईल खाली सरकवता येते. जमलं तर पलीकडचा भाग साफ होतो, आणि तुकडा भरणाच्या मसाल्यातच गाडला जातो.

तिसरा मार्ग तुकडा आहे तिथं ठेवून, त्याच्या वरची नळी शक्य तितकी साफ करून बंद करण्याचा. रुग्णाला हाच मार्ग सगळ्यात चुकार वाटतो. "सुई आत ठेवून वरून सिमेंट भरलं" अशी तक्रार असते. पण योग्य दातात हा मान्य आणि योग्य उपचार आहे.

नळी भरायला गटापर्चा वापरतात. हा झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर याचंच आवरण असे, कारण तो पाणी आत शिरू देत नाही. गटापर्चा आणि नळीची भिंत यांच्यामध्ये जी फट राहते, ती सीलर नावाच्या पातळ सिमेंटनं भरतात. तुकडा असलेल्या नळीत या सीलरचं काम वाढतं. फाईलला खाचा असतात आणि नळी वेडीवाकडी असते, त्यामुळे तुकडा स्वतः बुचासारखा घट्ट बसत नाही. त्याच्याभोवती आणि वर भरण नीट बसलं पाहिजे.

धातू नळीत ठेवणं हे काही नवं नाही. १९३० च्या दशकापासून काही दशकं दंतवैद्य चांदीच्या काड्या मुद्दाम नळीत घालून ती बंद करत. ही पद्धत मागे पडली, कारण काडी गोल आणि नळी वेडीवाकडी असल्यानं फटी राहत, ओलावा आत शिरे आणि चांदी गंजे. त्यातून शिकायचं ते हे, की आत काय ठेवलं यापेक्षा बाजूनं पाझर राहिला का, हे पाहायला हवं.

चौथा मार्ग छोट्या शस्त्रक्रियेचा. मुळाशी गाठ राहिली किंवा तुकडा मुळाबाहेर डोकावत असेल, तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापतात आणि तिथून, उलट बाजूनं, नळी बंद करतात. त्यासाठी एमटीए नावाचं सिमेंट वापरतात. घरं बांधण्याच्या पोर्टलंड सिमेंटच्या कुळातलंच ते शुद्ध केलेलं सिमेंट आहे आणि ओलाव्यातही घट्ट होतं. खालच्या दाढेच्या मुळाखाली ओठाला संवेदना देणारी नस असते, वरच्या दाढेवर सायनसची पोकळी. म्हणून हे काम रूट कॅनालच्या किंवा तोंडाच्या शस्त्रक्रियेच्या एमडीएस तज्ज्ञाचं आहे.

दात काढणं हा या सगळ्यानंतरचा पर्याय. दाढ काढली की चावण्याची ताकद जाते, शेजारचे दात कलतात आणि कृत्रिम दाताचा खर्च वेगळा. मधुमेही माणसाला नीट चावता आलं नाही की तो भाकरी-भाजी सोडून मऊ, गोड खाण्याकडे वळतो. हे मी रोज पाहतो.

वरचं झाकण आणि आपला ऊसतोडीचा हंगाम

नळी कितीही चांगली भरली, तरी वरून दात उघडा राहिला तर सगळं वाया जातं. भरलेली नळी वरून लाळेत उघडी राहिली, तर जंतू काही आठवड्यांत तळापर्यंत पोचतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. दोन भेटींमध्ये दंतवैद्य जे पांढरं मऊ सिमेंट भरतात, ते दोन-तीन आठवड्यांपुरतं असतं. त्यानंतर ते झिजतं, फुटतं आणि कडेनं पाझर सुरू होतो.

माजलगाव, धारूर, वडवणी या भागात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांवर जातात आणि फडातून परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी ठरलेली असते. दाढ ठणकत होती म्हणून पहिली भेट झाली, नस काढली, ठणका थांबला, वर कच्चं सिमेंट भरलं आणि माणूस सांगली-कोल्हापूरकडे निघून गेला. पाच-सहा महिन्यांनी परततो तेव्हा सिमेंट गेलेलं असतं, दाढ अर्धी फुटलेली असते आणि मुळाशी पू असतो. आत तुकडा असेल तर सगळे दोष त्याच्या माथी मारले जातात. खरं तर दाढ गेली ती कच्च्या झाकणामुळे.

म्हणून माझी दोन्ही बाजूंना विनंती आहे. रुग्णांनो, हंगामाला जायचं असेल तर पहिल्याच भेटीत ती तारीख सांगा. दंतवैद्य मित्रांनो, अशा रुग्णाला जमेल तर जाण्याआधी नळ्या भरून वर पक्कं सिमेंट तरी घालून द्या. कॅप नंतर बसवता येईल, पण कच्च्या झाकणावर सहा महिने सोडू नका. निघण्याआधी उपचार संपणारच नसेल, तर कारखान्याजवळच्या दंतवैद्यासाठी चार ओळींची चिठ्ठी द्या.

गोळ्यांनी दिवस ढकलू नका

आता माझ्या प्रांतातलं. दाढ दुखली की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या आणायच्या, ठणका थांबला की विसरायचं, पुन्हा दुखली की पुन्हा तेच. मेलेल्या नसेच्या नळीत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे अँटिबायोटिक तिथं पोचतच नाही. आजूबाजूची सूज तात्पुरती उतरते, मूळ जागा तशीच राहते. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्या की पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावर ताण येतो, बीपी वाढतं. मधुमेह असलेल्यांनी तर हे मुळीच करू नये. तोंडातला जंतुसंसर्ग शुगर वाढवतो आणि वाढलेली शुगर तो संसर्ग बरा होऊ देत नाही. शुगर अचानक आटोक्याबाहेर गेली, तर मी पायांबरोबर दातही पाहतो.

हृदयाची झडप बदललेली असेल, किंवा हृदयात पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल, तर दातावर काम सुरू होण्याआधीच दंतवैद्याला सांगा. आधी अँटिबायोटिकचा डोस लागू शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी मनानं बंद करू नका.

जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळताना त्रास, आवाज घोगरा होणं किंवा श्वास लागणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. हा पू मानेत उतरून श्वासाची वाट बंद करू शकतो.

आणखी एक. सुई दातात तुटणं वेगळं आणि सुई घशात पडणं वेगळं. उपचार चालू असताना सुई निसटून घशात गेली, तर लगेच छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढायला हवा. हे टाळण्यासाठी दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. तो १८६४ पासून वापरात आहे, तरी अनेक ठिकाणी लावला जात नाही. तुमच्या दंतवैद्यांनी तो लावला तर कंटाळू नका.

सांगणं हाही उपचाराचाच भाग

सुई तुटणं हा अपघात असू शकतो. लपवणं हा अपघात नसतो. रुग्णाला माहीतच नसेल, तर तो सहा महिन्यांनी एक्स-रे काढायला येणार नाही. पुढच्या डॉक्टरला काय सांगायचं, हेही त्याला कळणार नाही. मग कधीतरी दुसरीकडे एक्स-रेत ती पांढरी रेघ दिसते आणि विश्वास कायमचा तुटतो.

कायद्याची दिशाही अशीच आहे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात याच न्यायालयानं म्हटलं, की केवळ अपघात झाला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात पुरेशी माहिती देऊन घेतलेल्या संमतीवर भर दिला. दंतवैद्यांना मी म्हणेन, सुई तुटली त्याच दिवशी सांगा, केसपेपरवर लिहा आणि एक्स-रे रुग्णाच्या हातात द्या. रुग्णांना म्हणेन, खरं सांगणाऱ्या डॉक्टरवर दवाखान्यात जाऊन ओरडू नका. आज तुम्ही ओरडलात, तर उद्या ते दुसऱ्या रुग्णाला सांगणार नाहीत.

सुई तुटली असं कळलं तर हे विचारा

१. कुठल्या नळीत, किती खोल तुटली? एक्स-रेवर दाखवा.
२. तुटली तेव्हा नळी किती साफ झाली होती? मुळाशी आधी पू किंवा गाठ होती का?
३. काढणार, बाजूनं जाणार की तिथंच ठेवून बंद करणार? आणि तेच का?
४. तज्ज्ञाकडे पाठवण्याची गरज आहे का?
५. पक्कं सिमेंट आणि कॅप कधी?
६. पुढचा एक्स-रे कधी?

तज्ज्ञ जवळ नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. एक दिवस मोडतो, पण दाढ वाचते. पुढचे एक्स-रे साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षानं काढावेत. मुळाशी मोठी गाठ असेल तर ती भरून यायला चार वर्षंही लागू शकतात, तोवर अधूनमधून पाहत राहावं. दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका, कारण मुळाशी होणारा पू कित्येकदा दुखतच नाही.

सगळे एक्स-रे एका पाकिटात, तारखेसह जपून ठेवा. मोबाईलमध्ये त्यांचे फोटोही काढून ठेवा. उद्या कोल्हापूरला, पुण्याला कुठंही दाढ दुखली, तरी तिथल्या डॉक्टरला आत काय आहे ते लगेच कळेल.